सेप्पुकु

मासाकी कोबायाशी यांनी दिग्दर्शित केलेला, शोचिकु या चित्रसंस्थेचा १९६२ सालचा कृष्णधवल जपानी चित्रपट; जपानबाहेर तो ‘हाराकिरी’ या नावाने परिचित आहे. यासुहिको ताकिगुची यांच्या कथेवरून शिनोबु हाशिमोतो यांनी त्याची पटकथा सिद्ध केली.

तोकुगावा राजवटीत देशात शांतता नांदू लागल्यावर अनेक सरदारांच्या जहागिरी या ना त्या कारणाने खालसा झाल्या आणि त्यांच्या पदरी असलेले हजारो सामुराई निराधार होऊन रोनिन म्हणून वणवण फिरू लागले. हिरोशिमाच्या फुकुशिमा घराण्याने परवानगीवाचून किल्ल्याची डागडुजी केली, या सबबीवर १६१९ साली त्याची जहागीर गेली. चित्रपटाचा नायक हान्शिरो त्सुगुमो हा याच घराण्याचा जुना सेवक. १६३० साली तो एदो येथील ई घराण्याच्या वाड्यात येऊन सन्मानाने पोट चिरून मरण्यासाठी अंगणात जागा मागतो. अशी याचना करणाऱ्यास काही द्रव्य देऊन वाटेला लावण्याचा प्रघात पडू लागला होता. तो मोडून काढण्याकरिता ई घराण्याचा कारभारी सायतो याने, मोतोमे नावाचा एक तरुण रोनिन अशीच मागणी घेऊन आला असता, त्याला खरोखरच मरावयास लावलेले असते. आजारी पत्नी व मुलासाठी मोतोमेने आपली पाती केव्हाच विकलेली, कमरेला उरलेले पाते बांबूचे. ते पोटात शिरत नाही म्हणून तो सर्वांगाचा भार त्यावर टाकतो, शिरच्छेदासाठी उभा असलेला ओमोदाका मुद्दाम वार लांबवतो आणि अखेर मोतोमे जीभ चावून प्राण सोडतो. हा प्रसंग इतका प्रदीर्घ आहे की पाहणे नकोसे व्हावे, आणि दिग्दर्शकाला तेच अभिप्रेत असावे. मोतोमे हा हान्शिरोचा जावई, हे पुढे उलगडते. शिरच्छेदाचा सहायक म्हणून हान्शिरो ई घराण्यातील ज्या तिघांची नावे घेतो ते तिघेही आजारी म्हणून गैरहजर निघतात. मग तो त्यांच्या कापलेल्या शेंड्या अंगणात फेकतो.

शेवटी तलवारबाजांना आवरेनासा झालेला हा एकटा पुरुष घराण्याचे पूज्य चिलखत उलथून टाकतो व बंदुकांच्या गोळ्यांना बळी पडतो. घराण्याच्या रोजनिशीत मात्र त्याच्या हातून मेलेल्यांचे मृत्यू आजाराने झाल्याची नोंद होते. खरा खलनायक सायतो नसून ही रोजनिशीच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात मांचुरियात सक्तीने भरती झालेल्या व साध्या शिपायावरची बढती नाकारणाऱ्या कोबायाशींना हुकूम आणि विवेक यांतील हे वैर स्वानुभवाने ठाऊक होते; ‘मानवी अवस्था’ (१९५९–६१) ही त्यांची त्रिखंडी कृतीही त्याच अनुभवातून आली.

तात्सुया नाकादाई त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते, तरी विवाहित मुलीचा बाप त्यांनी कंठातल्या खर्जाने व संथ बसणीने पूर्ण विश्वसनीय केला आहे; रेन्तारो मिकुनी यांचा सायतो त्यांना तोलामोलाचा भेटला. योशिओ मियाजिमा यांचे रुंद चौकटीतील, दालनांच्या रेषांनी कोंदणात बसवलेले छायालेखन आणि तोरु ताकेमित्सु यांनी बिवा या तंतुवाद्याचा मोजका, जवळजवळ शुष्क वापर करून रचलेले संगीत यांनी या कथेचा कठोरपणा राखला. १९६३ साली कान महोत्सवात चित्रपटास परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक लाभले. २०११ साली ताकाशी मिइके यांनी हीच कथा पुन्हा, रंगीत व त्रिमितीय रूपात चित्रित केली. मूळ कृतीतील कृष्णधवल शिस्तीची सर तिला नाही.