घरातल्या गाण्यांचा पसारा

कुठल्या डब्यात काय आहे हे जसं घरातल्या बाईलाच विचारतात, तसं कुठलं गाणं कुठे आहे हेही आमच्याकडे मलाच विचारतात. दोन फोन, एक जुना लॅपटॉप, गाडीतला प्लेअर आणि देव्हाऱ्याजवळचा स्पीकर. हवं ते गाणं नेमकं दुसऱ्याच ठिकाणी असतं. रामनवमी जवळ आली की ही कटकट वाढते, कारण शिर्डीत तो उत्सव मोठा आणि आमच्या घरी त्या दिवसांत 'गीतरामायण' लागतंच.

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत प्रसारित झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक असं करत ५६ गाणी झाली. क्रम सांभाळायचं काम रेडिओचं होतं, ऐकणाऱ्याने फक्त वाट पाहायची. पुढे बाबूजींच्या आवाजात ते रेकॉर्डवर आणि कॅसेटवर आलं, तेव्हाही क्रम वस्तूतच पक्का होता. एक बाजू संपली की उलटायची, झालं. पेनड्राइव्हवर मात्र बरेच प्लेअर आकडे अक्षरांसारखे लावतात: १, मग १०, ११ असं १९ पर्यंत, आणि त्यानंतर २. रामजन्माचं गाणं सहावं. म्हणजे स्वयंवर होतं, वनवास होतो, लंका पडते, ५६ वं गाणंही वाजून जातं, आणि मग राम जन्माला येतो! उपाय साधा आहे, १ च्या जागी ०१ लिहायचं. पण तो नऊ वेळा कुणीतरी बसून करावा लागतो.

गाण्याला नाव चिकटवायची अडचण मात्र फार जुनी. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. तरी गाणं संपताना गौहर जान आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत, कारण तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कुठली कोणाची ते कळायला हवं. मला ही गोष्ट फार आवडते. नाव आवाजातच, हरवायची सोयच नाही.

एमपीथ्रीत नाव आवाजाबाहेर गेलं. १९९६ मध्ये फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली. गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०. इंग्रजीला पुरेल इतकी जागा. देवनागरीचं एकेक चिन्ह आजच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे 'भक्तामर स्तोत्र' एवढंही त्यात मावत नाही. प्रकारांची जी ८० नावांची यादी ठरली, तिच्यात पोल्का आहे, ख्रिश्चन रॅपसुद्धा आहे. भजन, अभंग, स्तवन नाही. पुढच्या आवृत्तीत जागा वाढली, लिपीही सुधारली, पण जुन्या फाइली अजून प्रश्नचिन्हं दाखवतात.

भक्तामरचंच आणखी एक. दिगंबर परंपरेत त्याचे ४८ श्लोक, श्वेतांबरांत ४४. माझं माहेर एक, सासर दुसरं, म्हणून घरात दोन्ही. फाइल दुसरीकडे टाकायला गेलं की यंत्र विचारतं, या नावाची आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? त्याला चार श्लोकांचा फरक काय कळणार! आता नावातच ४४ आणि ४८ घातलंय.

मुलं म्हणतात, साठवायचंच कशाला, सगळं ऑनलाइन आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाने गाणी विकायला काढली आणि २०१३ च्या जूनमध्ये ते दुकान बंद केलं. ज्यांनी फाइली उतरवून घेतल्या, त्यांच्याकडे त्या राहिल्या. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. ऑनलाइन ऐकणं सोयीचं खरं, मीही ऐकते, पण ते भाड्याच्या घरासारखं.

शिवाय आमची एक कॅसेट कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. आजेसासूबाईंनी म्हटलेली स्तवनं, घरीच टेप केलेली. तिच्यावर चुकून दुसरं काही टेप होऊ नये म्हणून वरची प्लास्टिकची चकती कुणीतरी तेव्हाच मोडून ठेवली होती. त्या हाताचे उपकार. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायला तासच लागतो, घाई चालत नाही. मध्ये एकदा कुकरची शिट्टी ऐकू येते, ती मी कापली नाही.

ती फाइल आता लॅपटॉपवर आहे, पेनड्राइव्हवर आहे आणि नणंदेच्या घरीही आहे. गायकाचा रकाना रिकामा आहे. यांना तिथे 'आजी' हवंय, सासूबाई म्हणतात पूर्ण नाव लिही, आणि नणंदेचं म्हणणं, त्यांचं माहेरचं नावही यायला हवं. जागा आता भरपूर आहे.