हळदीचं गाणं आणि नागोयाचा बेंजो

परवा धुळ्याजवळच्या एका गावी मावसभावाच्या मुलीची हळद होती. जळगावहून मोठी मायला गाडीत घालून नेलं. वय ८४, ऐकायला कमी येतं. दारात पिकअपवर बँड... की-बोर्ड, पॅड आणि माणसाएवढे स्पीकर. त्यामुळे ऐकू येण्याची काळजी नव्हती!

मध्येच वादकाने हळदीच्या एका जुन्या गाण्याची चाल धरली, तीही पावरीच्या आवाजात. मोठी माय खुर्चीत ताठ झाली. "आपलं गानं शे हाई!" दोन ओळी झाल्या आणि बँड हिंदी गाण्यावर गेला. तिने माझी बाही ओढली, "भाऊ, बाकीनं कोठे गयं?"

मला काही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

पावरी हे साक्री-नवापूर भागातल्या कोकणा आदिवासींचं फुंकवाद्य. भोपळा आणि बांबूचं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजतं. आता ते की-बोर्डचं एक बटण झालंय. वाईट वाटलं खरं, पण मग आठवला आमच्या लहानपणीचा बेंजो. नाव पाश्चात्त्य, मूळ मात्र जपानी! १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य बनवलं, ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि वीज जोडल्यावर लग्नातला बेंजो. म्हणजे ज्याला मी 'आपलं जुनं' समजत होतो, तेही उसनंच होतं.

दुसरं उदाहरण आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचं (१८८०–१९५१). घरात, शेतात काम करता करता गायलेली त्यांची गाणी त्या गेल्यावर, १९५२ साली सोपानदेवांनी छापून आणली. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या आणि ती रेडिओवरून घरोघर गेली. तिथे शब्द राहिले, सूर नवे आले. बँडमध्ये उलटं... सूर राहिला, शब्द गळाले.

आणि बोलीचं काय? १९०७ साली ग्रियर्सनने खान्देशी मराठीत न धरता भिल्ल भाषांच्या खंडात घातली. शाळेत 'शे' म्हटलं की वर्ग हसायचा, हे मी सोसलंय. २०११च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. आज विनोद कुमावत यांचं 'हाई झुमका वाली पोर' पुण्याच्या लग्नातही वाजतं, आणि तिथे शिकणारी माझी पुतणी मैत्रिणींना अहिराणी शब्दांचे अर्थ ऐटीत सांगते. जे आमच्या पिढीला शाळेत जमलं नाही, ते या ठेक्याने केलं. त्याला नाक मुरडायचा मला तरी हक्क नाही.

मग बाकीचं गेलं कुठे?

परतताना पारोळ्याच्या पुढे मोठी माय आपणहून ते गाणं म्हणू लागली. मी मोबाईल सुरू केला. एक ओळ, पुन्हा तीच ओळ, फक्त नाव बदललेलं. नवरीच्या बापाचं, मग काकाचं, मामाचं, मावशीचं. दहा-बारा नावं झाली. मला आधी वाटलं, तिला पुढचं आठवत नाहीये. मग माझं नाव आलं, माझ्या बायकोचं आलं आणि उजेड पडला. बाकीचं गाणं म्हणजे आम्हीच होतो! दर लग्नात ते नव्याने भरायचं असतं, आणि भरणाऱ्या बाया ओसरीवर बसलेल्या असतात. स्पीकरपुढे त्यांचा आवाज पोचत नाही, इतकंच.

असो. डिसेंबरात धाकट्या भाचीची हळद आहे. बँड सांगितलाय, पोरं ऐकणार नाहीत. पण अर्धा तास तो बंद राहील, असं मी घरात सांगून ठेवलंय. पुतणी म्हणाली, "काका, नावं मला लिहून दे."