बंबवाल्यांची गुरुपरंपरा

आपल्याकडे गाण्यातल्या घराण्यांवर आणि कुस्तीच्या तालमींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. उस्तादाने शागिर्दाला कसं घडवलं, हे आपण चवीने वाचतो. आज मला एका निराळ्याच परंपरेविषयी लिहायचं आहे. ती आहे बंबवाल्यांची.

आधी शब्दाबद्दल थोडं (मास्तरकीची खोड, दुसरं काय!). 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आपल्याकडे आला. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे आणि रस्त्यावरून घंटा वाजवत जाई तोही बंबच. एक पेटवायचा, दुसरा विझवायचा, अशी आम्हा मुलांची कोटी होती.

विषय निघाला तो माझ्या भाच्याच्या मुलामुळे. बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाला आणि म्हणतो, "मला अग्निशमन दलात जायचंय." तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी काढून तो दर रविवारी सकाळी केंद्रावर सराव पाहायला जातो. निवृत्तीला आलेल्या एका जवानाने त्याला हाताशी धरलं आहे. पहिले दोन महिने काम काय, तर पाण्याचे होज धुवायचे, वाळत घालायचे, गुंडाळायचे. मग दोराच्या गाठी, आणि त्याही डोळे मिटून. त्याच्या आईला रात्र रात्र झोप नाही. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही चाळीस वर्षं पोरं शिकवलीत. तुम्हीच त्याला समजवा."

समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं. म्हणून वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका माणसाशी ओळख झाली. जेम्स ब्रेडवुड. जन्म १८००, एडिंबरोचा. वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय होता, त्यामुळे भिंत कशी उभी राहते आणि कशी कोसळते हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. १८२४ साली एडिंबरो शहराने स्वतःचं अग्निशमन दल उभारलं आणि त्याचं प्रमुखपद या चोवीस वर्षांच्या तरुणाला दिलं. त्याआधी आग विझवायची ती बहुधा विमा कंपन्यांची माणसं, आणि तीही आपापल्या ग्राहकांच्या घरांवर डोळा ठेवून.

दल उभं राहून काही आठवडेच झाले होते. नोव्हेंबर १८२४ मध्ये एडिंबरोत भीषण आग लागली. शेकडो कुटुंबं बेघर झाली. जागेवर जो तो अधिकारी हुकूम सोडत होता. एक म्हणे इकडे पाणी मारा, दुसरा म्हणे तिकडे. त्या गोंधळातून शहर एक धडा शिकलं : आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालला पाहिजे.

ब्रेडवुडने माणसं निवडली ती कौलं शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे अशी. ज्याला छपरावर चालता येतं त्याला छपराची भीती वाटत नाही, हा साधा हिशेब. पहाटेच्या काळोखात तो त्यांच्याकडून कवायत करून घेई. तोवरची रीत होती लांबून, रस्त्यावरून पाणी फेकायची. ब्रेडवुड म्हणे, आत शिरा, आगीचं मूळ शोधा आणि तिथे पाणी मारा. धुरात खाली वाका, जमिनीलगत श्वास घेता येतो. आणि आत एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, म्हणजे एक पडला तर दुसरा त्याला ओढून आणील. १८३० साली त्याने यावर पुस्तकही लिहिलं.

१८३३ मध्ये त्याला लंडनला बोलावून घेतलं. दुसऱ्याच वर्षी तिथलं संसद भवन जळालं, पण जुनं वेस्टमिन्स्टर हॉल वाचवण्यात त्याच्या दलाचा मोठा वाटा होता. नदीकाठच्या अवाढव्य गोदामांबद्दल तो बजावत राहिला. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या तशाच गोदामांना आग लागली. आत कापूस, ताग, चरबी, साखर. थकलेल्या आपल्या माणसांची विचारपूस करत ब्रेडवुड फिरत होता, तेव्हा एक भिंत अंगावर कोसळून तो गेला. भिंतींची नस ओळखणारा माणूस भिंतीखाली गेला. पण त्याने शिकवलेली माणसं उरली होती, काम थांबलं नाही.

कापसावरून मला आपली मुंबई आठवली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी आतल्या आत धुमसत राहतात, पाणी वरून वाहून जातं. आगीचं मूळ काही सापडेना. जहाज बुडवावं की बाहेर ओढून न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. म्हणजे एडिंबरोने एकशेवीस वर्षांपूर्वी शिकलेला धडा त्या दिवशी गोदीत कुणालाच उपयोगी पडला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याचसाठी.

हे ६६ जण तिथे का उभे होते? पळता आलं असतं. पण होज हातात असताना हुकमाशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. या विद्येतला जवळपास प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणातून आला आहे. म्हणूनच ती नुसत्या पुस्तकातून येत नाही. आमच्या शिक्षक-प्रशिक्षणात सराव पाठ असत. मागच्या बाकावर बसलेले गुरुजी खडू कसा धरलास इथपासून सांगत. अध्यापनशास्त्राचे ग्रंथ मी विसरलो, त्यांचं ते सांगणं विसरलो नाही.

स्वातंत्र्यानंतर या विद्येला रीतसर विद्यालय मिळालं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पुढच्याच वर्षी आपल्या नागपूरला आलं. तिथे २००२ साली हर्षिनी कान्हेकर ही पहिली विद्यार्थिनी दाखल झाली. सुतार-गवंड्यांपासून निघालेली परंपरा अशी मुलींपर्यंतही पोचली.

भाच्याच्या मुलाला मी 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. त्याच्या आईला मात्र एवढं सांगितलं, की आपला मुलगा शूरपणा शिकायला जात नाहीये. शूरपणा त्या वयात असतोच, शिकावा लागतो तो धीर. दोन महिने जो होज धुवायला लावतो तो गुरू मुलाला घाईघाईने आगीत ढकलणार नाही. तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. आईचं व्हायचंही नाही.

शेवटी एक विनंती. गोदीच्या स्फोटाचा आवाज स्वतः ऐकलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ब्रेडवुडने आपलं ज्ञान लिहून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. त्या ६६ जणांना काय काय ठाऊक होतं, ते लिहायला त्यांना वेळच मिळाला नाही.