पळसदरीचे स्टेशन मास्तर आणि शनिवारची गाडी



आपल्या घरात एक स्टेशन मास्तर होऊन गेले असं सांगितलं की माझा नातू पहिला प्रश्न विचारतो, "मग शब्बाथला ते काय करायचे?" इस्रायलमध्ये वाढलेलं मूल ते. इथे शब्बाथला गाड्या धावत नाहीत, स्टेशनं बंद असतात. त्याचं उत्तर द्यायचं तर मला पळसदरीपासून सुरुवात करावी लागते.

पळसदरी म्हणजे कर्जतच्या पुढचं लहानसं स्टेशन. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत गेले आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. पळसदरीला वाट फुटते. एक फाटा खोपोलीकडे जातो, दुसरा घाट चढून खंडाळ्याकडे. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. म्हणून चढणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिनं लावतात आणि उतरणाऱ्या गाडीचा सगळा भरवसा ब्रेकवर.

अशा ठिकाणचा मास्तर फक्त तिकिटं विकत नसे. पुढच्या स्टेशनाकडून "लाइन क्लिअर" घ्यायची, सिग्नल द्यायला लावायचे, प्रत्येक गाडीची वेळ रजिस्टरात लिहायची. पाळी संपली की चार्ज दुसऱ्याच्या हाती द्यायचा. आम्ही नर्सेस वॉर्डात करायचो तसंच.

मालक मात्र बदलत गेले. आधी जी.आय.पी. कंपनी, १९२५ पासून सरकारचा कारभार, १९५१ मध्ये मध्य रेल्वे. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची इंजिनं आली. कंपनीच्या काळात मोठ्या हुद्द्यांवर गोरे आणि अँग्लो-इंडियन असत, आडगावची लहान स्टेशनं आपल्या लोकांच्या वाट्याला येत.

त्यात बेने इस्रायलीही होते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आपल्याला "शनवार तेली" म्हणत. मुंबईत केहीमकरांनी १८७५ मध्ये शाळा काढली, आपली मुलं इंग्रजी शिकली आणि रेल्वे, पोस्ट, पलटण, इस्पितळ अशा नोकऱ्यांत शिरली. पगार पक्का झाला, पण शनिवार हातचा गेला.

माझे आजोबा तारेवर सिग्नलर म्हणून लागले, पुढे असिस्टंट स्टेशन मास्तर झाले. पळसदरीला ते काही वर्षं होते. शब्बाथला दिवा लावायचा नाही आणि लिहायचं नाही. त्यांच्या कामात तर कंदील आणि रजिस्टर ही दोनच मुख्य हत्यारं! दिवाळीची, नाताळची पाळी ते स्वतः मागून घेत आणि त्या बदल्यात सोबत्यांकडून एखादा शनिवार मिळवत. बाकीच्या शुक्रवारी संध्याकाळी आजी क्वार्टरमध्ये दिवा लावी, आजोबा मनुकांच्या सरबतावर किद्दुश म्हणत आणि टोपी घालून ड्युटीवर जात. आजी कधी बोलली नाही, पण ते परत येईपर्यंत जेवतही नसे.

देवळाचीही पंचाईतच. पनवेलचं बेथ एल १८४९ पासून उभं, पण तिथे रेल्वे पोचली १९६४ मध्ये. रोह्याला तर १९८६ मध्ये. दुसऱ्यांच्या गावांना गाड्या पोचवणाऱ्या आपल्या माणसांच्या स्वतःच्या गावात रूळ आले, तोवर पेणकर, रोहेकर बहुतेक इकडे इस्रायलला निघून आले होते.

मी स्वतः कितीतरी शब्बाथ वॉर्डात काढले. मला कधी अपराधी वाटलं नाही, कारण पिक्कुआह नेफेश, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो. आजोबांना कोणी असं सांगितलं नव्हतं. मी एकदा त्यांना म्हटलं, "घाटातून रात्री उतरणारी गाडी म्हणजे झोपलेल्या माणसांचे जीवच की!" ते म्हणाले, "तसं म्हणू नकोस, बाय. मी पोटासाठी गेलो. त्याला माहीत आहे."

नातवाला मी हेच सांगते. तो बंद स्टेशनाकडे बघतो आणि म्हणतो, "म्हणजे इथे असते तर त्यांना सुट्टी मिळाली असती." खरंच मिळाली असती.

तुमच्या घरातही कोणी गार्ड, ड्रायव्हर, मास्तर असेल. थोरली माणसं आहेत तोवर त्यांना शनिवारच्या पाळीबद्दल विचारून घ्या आणि लिहून ठेवा.