हमालाचा मालक कोण?

पुरोगामी राजकारणाचा जनाधार का आटला, या प्रश्नावर बहुतेक वेळा निवडणुकांचे आकडे मांडले जातात. मी आज तुम्हाला पुण्याच्या भुसार बाजारात नेतो.

हमालाचा मालक कोण? सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. कारखान्याच्या फाटकावरच्या युनियनच्या हिशेबात हा माणूस बसतच नव्हता. बाबा आढावांनी 1950च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले. अशा लढ्यांतून 1969 साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. एकच मालक नसेल, तर सगळ्या बाजाराने मिळून जबाबदारी घ्यायची, हे त्याचे मर्म. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी देते.

पंचायत तेवढ्यावर थांबली नाही. पोत्याचे वजन कमी करा, ही मागणी तिने लावून धरली. 'कष्टाची भाकर' केंद्रांत स्वस्त जेवण मिळू लागले. हमालाला संघटना रोज भेटत होती, पाठीवरच्या ओझ्यात आणि पुढ्यातल्या ताटात.

आता राजस्थान पाहा. जुलै 2023 मध्ये तिथे गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा झाला. ॲपवरच्या व्यवहारांवर शुल्क आणि त्यातून कल्याण निधी, ही कल्पना माथाडी मंडळाच्या जवळची. संघटनांनी त्यासाठी पाठपुरावाही केला होता. नीती आयोगाच्या अंदाजानुसार 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार होते. म्हणजे प्रश्न लहान नव्हता. तरी डिसेंबरमध्ये ते सरकार गेले. पराभवाची कारणे अनेक असतात. पण चांगला कायदा केला की माणसे आपोआप आपली होतात, हा समज तिथे टिकत नाही.

माझ्या मते पुरोगाम्यांनी आपले यश मोजण्याची पट्टी बदलावी. किती योजना दिल्या याआधी किती सभासद उभे केले, हे विचारावे. लाभार्थी आभार मानतो आणि उद्या जास्त देणाऱ्याकडे जातो. सभासद वर्गणी भरतो, बैठकीत नेत्याशी भांडतो, आणि मोर्चाच्या दिवशी डबा घेऊन हजर असतो.

मोटारसायकलवर पार्सल घेऊन धावणाऱ्या तरुणालाही आज विचारा, तुझा मालक कोण? त्याच्यासोबत उत्तर शोधायला जो बसेल, त्याचे तो ऐकेल.