डिरेक्टरी सर्व्हर ‘तिकडे जा’ का सांगतो? रेफरल आणि चेनिंग म्हणजे नेमके काय?

शाखा कार्यालयातला कर्मचारी पासवर्ड बदलायला जातो. जुना पासवर्ड बरोबर असतो, नवाही नियमात बसणारा असतो, तरी पडद्यावर त्रुटी येते. लॉगिन मात्र व्यवस्थित होत असते. अशा वेळी पुष्कळदा कारण एवढेच असते, की शाखेतल्या डिरेक्टरी सर्व्हरने ‘हे काम माझ्याकडे होत नाही, मुख्य सर्व्हरकडे जा’ असे उत्तर दिलेले असते आणि त्या उत्तराचे काय करायचे हे समोरच्या प्रोग्रॅमला ठाऊक नसते. या उत्तराला ‘रेफरल’ म्हणतात.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय?

संस्थेतल्या माणसांची नावे, ईमेल, विभाग, पासवर्ड अशी माहिती एका जागी ठेवणारा सर्व्हर म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. ही माहिती झाडासारखी रचलेली असते: संस्था, तिच्या खाली विभाग, त्याखाली माणसे. ईमेल, वाय-फाय, हजेरी अशा अनेक यंत्रणा लॉगिनच्या वेळी याच सर्व्हरला विचारतात. त्यासाठीची भाषा म्हणजे ‘एलडॅप’ हा प्रोटोकॉल. 1988 च्या ‘एक्स.500’ या अवजड मानकाला हलका पर्याय म्हणून तो पुढे आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा त्यात मोठा वाटा होता. त्याचा पहिला मसुदा 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. मिशिगनच्याच कोडवरून 1998 मध्ये ‘ओपनएलडॅप’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला.

रेफरल कधी मिळतो?

मुख्यतः दोन वेळा. पहिली, झाडाची एखादी फांदी दुसऱ्याच सर्व्हरवर असते तेव्हा. दुसरी, समोरचा सर्व्हर ही मुख्य सर्व्हरची केवळ वाचता येणारी प्रत, म्हणजे ‘रेप्लिका’ असते तेव्हा. रेप्लिकाला लॉगिन तपासता येते, बदल लिहिता येत नाही. म्हणून वरच्या उदाहरणात लॉगिन होते, पण पासवर्ड बदलत नाही. 1997 मध्ये आलेल्या एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत रेफरलला अधिकृत जागा मिळाली. त्याचा निकाल कोड 10 आहे.

सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखाच हा प्रकार आहे. ‘इथे नाही, चार नंबरच्या खिडकीवर जा,’ असे सांगून पहिली खिडकी मोकळी होते. पुढची पायपीट अर्जदाराची.

मग प्रोग्रॅमनेच तिकडे जायला काय हरकत आहे?

नियमाप्रमाणे ते काम प्रोग्रॅमचेच आहे, पण अडचणी तीन. एक, अनेक प्रोग्रॅमना रेफरल कळतच नाही, ते सरळ त्रुटी दाखवतात. दोन, फायरवॉलमुळे शाखेतल्या संगणकाला मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. तीन, सर्वात महत्त्वाची अडचण ओळखीची. नव्या सर्व्हरवर प्रोग्रॅमने कोण म्हणून जायचे? ओपनएलडॅपची लायब्ररी वेगळे सांगितले नाही तर अनामिक म्हणून जाते, आणि अनामिकाला पासवर्ड कोण बदलू देणार? उलट, रेफरलमध्ये येईल त्या पत्त्यावर वापरकर्त्याचा पासवर्ड पाठवणेही धोक्याचे.

चेनिंग म्हणजे काय?

चेनिंगमध्ये अर्जदार पहिल्याच खिडकीवर थांबतो आणि आतला कारकून स्वतः चार नंबरवरून काम करून आणतो. म्हणजे रेप्लिका रेफरल परत न पाठवता स्वतःच मुख्य सर्व्हरकडे जाते आणि निकाल आणून देते. प्रोग्रॅमला यातले काही कळतही नाही.

ओपनएलडॅपमध्ये हे कसे करतात?

1. रेप्लिकावर ‘अपडेटरेफ’ या सेटिंगमध्ये मुख्य सर्व्हरचा पत्ता देतात. तो नसेल तर रेप्लिका कोड 53 देऊन बदल नाकारते. मग मागे जायला रेफरलच उरत नाही.

2. ‘चेन’ हा ओव्हरले सुरू करतात. तो ‘बॅक-एलडॅप’ मॉड्यूलचा भाग असल्याने ते आधी लोड करावे लागते. ओव्हरले एखाद्या डेटाबेसखाली न ठेवता सर्वांना लागू होईल अशा जागी, म्हणजे फ्रंटएंडवर ठेवतात.

3. ‘चेन-यूआरआय’मध्ये मुख्य सर्व्हरचा पत्ता लिहितात आणि टीएलएस चालू करतात. नाहीतर पासवर्ड दोन सर्व्हरमध्ये उघडा फिरेल.

4. ‘चेन-आयडीअसर्ट-बाइंड’मध्ये रेप्लिका कोणत्या खात्याने मुख्य सर्व्हरवर जाईल ते ठरवतात आणि मोड ‘सेल्फ’ ठेवतात.

5. ‘चेन-रिटर्न-एरर’ चालू करतात. ते मुळात बंद असते. त्यामुळे पाठपुरावा फसला तर मूळ रेफरलच परत जातो आणि खरे कारण दडून राहते.

बदल कोणाच्या नावाने होतो?

सगळी मेख इथे आहे. रेप्लिका स्वतःच्या खात्याने आत शिरते, पण ‘हे काम अमुक वापरकर्त्याच्या वतीने’ असे सांगते. मोड ‘सेल्फ’चा अर्थ हाच. मुख्य सर्व्हर मग त्या वापरकर्त्याचेच अधिकार तपासतो. मोड ‘नन’ ठेवला तर प्रत्येक बदल रेप्लिकाच्या खात्याच्या नावावर होतो. ते खाते प्रशासकाचे असेल, तर रेप्लिकाला बदल पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती घराची किल्ली दिल्यासारखेच झाले.

म्हणून या कामासाठी वेगळे खाते असावे. मुख्य सर्व्हरवर ‘ऑथ्झ-पॉलिसी’ ही ‘टू’ ठेवून, त्या खात्याच्या ‘ऑथ्झटू’मध्ये ते कोणाच्या वतीने बोलू शकते हे मोजके लिहावे. त्याचा पासवर्ड रेप्लिकाच्या कॉन्फिगरेशनमध्ये राहतो, म्हणून ती फाइल इतरांना वाचता येऊ नये.

नीट झाले हे कसे ओळखायचे?

साध्या वापरकर्त्याच्या नावाने रेप्लिकावर एक छोटा बदल करावा. मग मुख्य सर्व्हरवर त्या नोंदीचे ‘मॉडिफायर्सनेम’ पाहावे. तिथे त्या वापरकर्त्याचे नाव असेल तर मांडणी बरोबर. रेप्लिकाच्या खात्याचे नाव दिसले, तर बदल झाला तरी मांडणी चुकली आहे. दुसरी चाचणी उलटी: ज्या बदलाचा अधिकार त्या वापरकर्त्याला नाही, तो करून पाहावा. तो नाकारला गेला पाहिजे.

एका रेफरलमागे दुसरा आला तर? ‘चेन-मॅक्स-डेप्थ’ मुळात 1 असते, म्हणजे सर्व्हर पुढच्या रेफरलमागे जात नाही. हा आकडा गरजेशिवाय वाढवू नये, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांकडे बोट दाखवत बसण्याची शक्यता वाढते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही दुसऱ्या डोमेनची माहिती विचारली, की रेफरल मिळतो. तिथे फक्त शोधायचे असेल, तर 389 ऐवजी 3268 या पोर्टवरच्या ‘ग्लोबल कॅटलॉग’ला विचारतात. त्यात सर्व डोमेनची निवडक माहिती असते. लिहिण्यासाठी मात्र योग्य सर्व्हरकडेच जावे लागते.