हायड्रोमीटर नंबर चार

गेल्या शनिवारी आमचं तिसरं हायड्रोमीटर फुटलं. या वेळी मी खरंच काही केलं नव्हतं. धुऊन ओट्यावर फडक्यावर वाळत ठेवलं होतं, शेजारच्या रॅकमधून कुकरचं झाकण घसरलं, खेळ खलास. काच गोळा झाली, पण बुडातले छर्रे फ्रीजखाली गेले ते अजून सापडतायत. बायकोने विचारलं, "झाकणाला काही झालं नाही ना?" असो.

नवीन वाचकांसाठी खुलासा: मी इंग्लंडात रेडिंगला राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर, आणि महिन्यातून एकदा गॅरेजमध्ये वीस लिटर बिअर लावतो. इथे ते कायदेशीर आहे. महाराष्ट्रात घरी असला उद्योग केलात तर दारूबंदीचा कायदा दार वाजवेल, तेव्हा हे वाचून कोणी पातेली काढू नयेत.

हायड्रोमीटर तुम्ही पाहिलेलं असतं, फक्त नाव वेगळं. डेअरीवरचा माणूस दुधात जी काचेची नळी सोडतो ते लॅक्टोमीटर, हे त्याचं भावंड. बॅटरीवाला ॲसिड ओढून बघतो त्या पिचकारीतही हेच तरंगतं. खाली फुगीर आणि वजन भरलेलं, वर पेन्सिलीहून बारीक दांडी, तिच्यात आकड्यांची कागदी पट्टी. द्रव जितका दाट तितकी नळी वर उचलली जाते. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) गोड पाणी साधारण १.०४८ दाखवतं. यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल केलं की आकडा उतरत १.०१२ च्या आसपास थांबतो. फरकाला १३१ ने गुणा, ४.७ टक्के. झालं गणित. दांडी बारीक असते कारण तशी असली तरच जराशा फरकाला ती दिसेल एवढी वर-खाली होते. जाड केलीत तर फुटणार नाही, पण तिसरा दशांशही वाचता येणार नाही.

आता दुसऱ्या हायड्रोमीटरची गोष्ट सांगतो. ही सांगताना अजूनही मला बरं वाटत नाही.

ते मी उंच जारमध्ये वरून सोडलं, बुडावर आपटलं आणि गेलं. नोव्हेंबर होता. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यात वीकएंडला आमचं रिलीज. म्हटलं, एअरलॉकमधले बुडबुडे तर थांबलेत, म्हणजे झालंच की! आकडा कशाला पाहिजे? चाळीस बाटल्या भरल्या, फेसासाठी प्रत्येकीत नेहमीसारखी थोडी साखर घातली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या, कारण तिथे ऊब असते.

बुडबुडे थांबले होते थंडीमुळे. गॅरेजमध्ये यीस्ट नुसतं झोपलं होतं, साखर शिल्लक होती. कपाटातल्या उबेत ते जागं झालं आणि उरलेलं जेवायला बसलं. हिशोब मी नंतर मांडला. तिसऱ्या दशांशाचा एकेक अंक उतरताना बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथल्या एलमध्ये एकूण दोन-अडीच पट असतो. आठ अंक उतरायचे राहिले असतील तर त्यावर आणखी चार पट! बाटली काही तेवढ्यासाठी बनवलेली नसते.

बाराव्या दिवशी सकाळी सातला पहिली फुटली, पाठोपाठ तीन. त्याच कपाटात मुलीचे शाळेचे बूट असतात. ती वर दात घासत होती. एका बुटात बोटभर लांब काच निघाली. उरलेल्या बाटल्या मी जाड कोट, हातमोजे आणि गॉगल चढवून एकेक करून बाहेर नेल्या. त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. घरात दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं चालू होतं.

त्यानंतर मी या नळीच्या इतिहासाच्या मागे लागलो. मुळाशी जायचं म्हटलं तर इ.स. ४०० च्या आसपास सिनेसियस नावाच्या आजारी शिष्याने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून असं एक उपकरण करवून घ्यायला सांगितलं होतं. ते नेमकं काय, हे सतराव्या शतकात फर्माने (तोच, शेवटच्या प्रमेयवाला) उलगडून सांगितलं. पण मला भेटायचं होतं ते बिअरवाल्याला, आणि तो निघाला आमच्यापासून तासाभरावरच्या ऑल्टन गावचा.

जेम्स बॅव्हरस्टॉक. बापाची ब्रुअरी होती. त्या काळी पाणी किती तापलं हे त्यात बोट घालून किंवा वाफ विरून त्यात चेहरा कधी दिसतो ते बघून ठरवत, आणि वर्ट किती गोड ते जिभेवर. जेम्सने १७६० च्या दशकाच्या शेवटाला लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या बेंजामिन मार्टिनकडून हायड्रोमीटर घेतलं. बापाला असली थेरं पसंत नव्हती, म्हणून पोरगा चोरून मोजायचा. (हे वाचून मला इतका जवळचा वाटला!) आकडे जमल्यावर तो लंडनला सॅम्युअल व्हिटब्रेडकडे गेला, म्हणजे त्या धंद्यातल्या बड्या असामींपैकी एकाकडे. व्हिटब्रेडने त्याला वाटेला लावलं. साउथवर्कच्या हेन्री थ्रेलने मात्र ऐकून घेतलं. डॉ. जॉन्सन ज्यांच्या घरी मुक्काम ठोकून असायचा तेच हे थ्रेल.

व्हिटब्रेडची बाजूही समजते. इतकी वर्षं ज्याच्या जिभेवर धंदा चालला, त्याला कोणी पोरगा येऊन सांगतो की जिभेपेक्षा ही नळी बरी. पण १७८४ मध्ये हलच्या जॉन रिचर्डसनने पुस्तक काढलं आणि बॅरलमागे किती पौंड अर्क उतरला ते थेट दाखवणारं सॅकॅरोमीटर पुढे आणलं. मग जे दिसलं ते कोणत्याच जिभेला दिसलं नव्हतं. काळसर पोर्टर बिअर ज्या तपकिरी माल्टची करत, तो स्वस्त म्हणून घेत. पण त्यातून अर्कच कमी निघत होता. फिकट माल्ट महाग, तरी अर्काच्या हिशोबाने परवडणारा! ब्रुअर फिकट माल्टकडे वळले, आणि मग पोर्टरला रंग आणायची पंचाईत झाली. ती सुटली १८१७ मध्ये, डॅनिएल व्हीलरने काळा भाजलेला माल्ट पेटंट केला तेव्हा. आज स्टाउटमध्ये जी जळकी कॉफीसारखी चव लागते तिचं मूळ इथे आहे.

ही सगळी उपकरणं बहुतेक धातूची होती. कर गोळा करणाऱ्यांच्या हातात काच टिकणार नव्हतीच. जॉन क्लार्कने दारूची तीव्रता मोजायला आधी हस्तिदंत वापरून पाहिला, पण तो दारू पितो आणि जड होतो! शेवटी त्याने तांब्याचं केलं. ही हकीकत १७३० मध्ये रॉयल सोसायटीपुढे आली. पुढे १८१६ च्या कायद्याने साइक्सचं पितळी हायड्रोमीटर सरकारी झालं आणि ब्रिटिशांबरोबर हिंदुस्थानातही आलं. महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्यात आजही 'प्रूफ लिटर' हा शब्द चालतो, तो त्याच घराण्यातला.

मला वाटतं धातूची खरी अडचण महागाईची नव्हतीच. पितळेला पोचा पडला की आकारमान घटतं, ते जास्त बुडतं आणि आकडा कमी दाखवतं. घासूनपुसून चकचकीत ठेवलं तर वजन झिजतं आणि आकडा जास्त दाखवतं. दोन्ही वेळा दिसायला ठणठणीत! आमच्या धंद्यात अशा बगला सगळे घाबरतात, प्रोग्राम चालतोय आणि उत्तर चूक. काच बिचारी फुटली की सगळ्या घराला कळतं.

घरात मात्र ही नळी फार उशिरा आली. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून वर्टच्या घनतेवर लावला, म्हणजे हायड्रोमीटर सरकारचा डोळा झालं, आणि घरी बिअर करणाऱ्यालाही लायसन्स लागायला लागलं. ते १९६३ मध्ये रेजिनाल्ड मॉडलिंगने रद्द केलं. मग घरोघरी बादल्या लागल्या आणि त्यांच्याबरोबर काचेच्या स्वस्त नळ्या.

आमच्या घराण्यात ती आधीच होती म्हणा. माझा मामा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता, तिथे उसाच्या रसात ब्रिक्स स्पिंडल सोडतात. १८४३ मध्ये प्रागच्या बॅलिंगने साखरेच्या पाण्याचे तक्ते केले, ते ब्रिक्सने सुधारले. एकाची मापनपट्टी दारूवाल्यांकडे गेली, दुसऱ्याची साखरवाल्यांकडे. मामाला मी फोनवर सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "अरे, सोडायची नसते रे ती. दांडीला वरून धरून खाली न्यायची, तरंगायला लागली की बोटांनी हलकी गिरकी द्यायची. चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर आकडा वर दिसतो. आणि एक आणू नकोस, दोन आण."

हल्ली आत तरंगत राहून फोनवर आकडे पाठवणारी टिल्टसारखी उपकरणंही मिळतात. माझ्यासारख्याने खरं तर तीच घ्यायला हवीत. मी काचेच्याच दोन आणल्या.

नंबर चार काल वीस अंशाच्या साध्या पाण्यात सोडून पाहिली. १.००० यायला पाहिजे, येतात १.००२. आतली कागदाची पट्टी सरकलेली असणार. परत करायला गेलो नाही, डबीवर मार्करने 'उणे दोन' लिहिलं. नंबर पाच बरोबर आहे, ती कपड्यांच्या कपाटात, मोज्यांमध्ये गुंडाळून.

आज सकाळचा आकडा १.०१४, उणे दोन धरून १.०१२. उद्या आणि परवा तोच आला तर बाटल्या भरणार. त्या आता बागेतल्या शेडमध्ये, झाकणवाल्या पेटीत राहतात. जिन्याखाली फक्त बूट.